डेटासेट म्हणजे काय? वर्गातल्या एका चुकीवरून



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. ओळखीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. मुलांकडून वाचनाचा सराव करून घेणारं ॲप त्यांची मंडळी बनवत होती. "मॅडम, तुमच्या दुसरीच्या मुलांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा ना. मराठीसाठी चांगलं काम होईल." मराठीसाठी म्हटलं की आपण लगेच विरघळतो! मी मधल्या सुट्टीत दहा मुलांचं वाचन रेकॉर्ड केलं आणि नमुना म्हणून चार रेकॉर्डिंग पाठवलीसुद्धा. पालकांना विचारलं नव्हतं. सुचलंच नाही, हे खरं कारण.

अशी हजारो रेकॉर्डिंग, आणि प्रत्येकासोबत त्यात काय म्हटलंय ते लिहिलेलं, असा साठा म्हणजे डेटासेट. पुस्तकी भाषेत विदासंच. त्या लिहिण्याला लेबल म्हणतात. आपण आंब्याच्या चित्राखाली पेरू लिहिलेलं कार्ड रोज दाखवलं तर मूल पेरूच म्हणेल. मशीनचंही तसंच, फक्त ते कधी उलटून विचारत नाही.

माझी गाडी अडली ती या लेबलपाशीच. आमच्या कर्वेनगरात कामासाठी बाहेरगावाहून आलेली कुटुंबं पुष्कळ. विदर्भाकडच्या एका मुलाने 'काळा' हा शब्द 'काया' असा वाचला, दुसऱ्याने 'पाणी'चं 'पानी' केलं. आता लिहायचं काय? 'काळा' लिहिलं तर मशीन शिकेल की हा शब्द असाही उच्चारतात. 'चूक' अशी खूण केली तर उद्या ते ॲप त्या मुलाला रोज सांगेल की तुला वाचता येत नाही. आणि त्याला तर छान वाचता येतं! शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "चूकच धरा, प्रमाण भाषा शिकवायची आहे ना?" मला ते पटलं नाही, वाचन वेगळं आणि उच्चार वेगळा. पण आमच्या दोघींचं एकमत नाही हीच खरी अडचण. एकाच साठ्यात माझं 'बरोबर' आणि त्यांचं 'चूक' गेलं तर मशीन काय शिकणार? म्हणून नियम आधी लिहून ठेवायचा, एकच रेकॉर्डिंग दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि जिथे फरक पडेल तिथे बसून बोलायचं. पेपर तपासणीत आपण हेच करतो (निदान करायला हवं).

आवाज कुणाचे घ्यायचे, हाही प्रश्न आहेच. मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांचा मराठीवरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले तसेच लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून त्यांनी १०९ तासांचं बोलणं जमवलं. एरवी असं काम विद्यार्थ्यांकडूनच करून घेतात. पण कमी उत्पन्नाच्या लोकांनी दिलेलं रेकॉर्डिंगही तोडीस तोड निघालं, आणि या कामातून त्यांना जोड-कमाई व्हावी हा हेतू अभ्यासात उघड मांडलेला आहे. म्हणजे 'चांगला डेटा हवा म्हणून सुशिक्षितच घेतो' ही सबब टिकत नाही.

साठा कुठून आला, कुणी तपासला, कशासाठी वापरू नये, हे सांगणारा कागद त्याच्यासोबत असावा, असं टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली सुचवलं. पुण्याच्याच एल-थ्री-क्यूब गटाचा 'महासेंट' नावाचा साठा आहे, २०२१ चा. सुमारे १६,००० मराठी ट्विट. सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी लेबलं. ती महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरून घेतल्याचं त्यांनी स्वतःच लिहिलंय. त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच कळतं की यात आपल्या दुसरीतल्या मुलांचं बोलणं नसणार.

आता पालकांसाठी. २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेला 'लायन-५बी' या प्रचंड चित्रसाठ्यात ब्राझीलच्या मुलांचे फोटो सापडले. त्यातले काही घरच्यांनी कौतुकाने आपल्या ब्लॉगवर टाकलेले होते. आपण स्नेहसंमेलनाचे फोटो कसे टाकतो ते आठवा. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, आणि मुलांचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मुलाने "हो बाई" म्हणणं ही संमती नव्हे.

मी ती चार रेकॉर्डिंग परत मागितली. उत्तर आलं, "ती पुढे गेली, आता कुठून काढणार?" खरंच, कुठली फाईल कुणाची हे नोंदवलेलं नसेल तर ती शोधणंच अवघड, आणि मशीन एकदा त्यावर शिकलं की फाईल पुसूनही शिकलेलं पुसलं जात नाही. उरलेली सहा मी मोबाईलमधून काढून टाकली.

पुढच्या पालकसभेत झालेलं सगळं सांगितलं. एकदोघांच्या कपाळावर आठ्या आल्या, ते साहजिकच. संमतीपत्राचा कच्चा नमुनाही दाखवला: कशासाठी, किती दिवस, कुणाकडे राहणार आणि नको झालं तर कुणाला सांगायचं. मागच्या बाकावरून एका आईने विचारलं, "मॅडम, ते ॲप विकत देणार असतील तर पोरांना काय मिळणार?" माझ्या नमुन्यात तो रकानाच नव्हता. आता घातलाय.