पाच चिंचोके आणि एक आई

घरात चार वर्षांचं पोर असेल तर आज संध्याकाळी एवढं करून बघा. पाच चिंचोके ओळीत मांडा. त्याखाली, जोडीला जोड लावून, आणखी पाच. कोणत्या ओळीत जास्त? पोर म्हणेल, सारखेच. आता त्याच्या डोळ्यांदेखत खालची ओळ ऐसपैस पसरवा, चिंचोका एकही वाढवू नका, आणि पुन्हा विचारा. या वयाची बहुतेक मुलं बेधडक खालच्या ओळीवर बोट ठेवतात!

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे जगाच्या नजरेला आणून दिलं. दोन-तीन वर्षांनी तेच पोर न अडखळता सांगतं, 'सारखेच आहेत की, तू फक्त लांब ठेवलेस.' हे त्याला कुणी पाठ करून घेतलेलं नसतं. वस्तू हाताळता हाताळता, मांडता-मोडता, डोक्यात काहीतरी उलगडलेलं असतं. आणि त्या वेळी शेजारी बसून 'आता?', 'का बरं?' असं विचारणारं माणूस असेल, तर हा खेळ किती पुढे जातो!

ते माणूस कोण? अंगणवाडी दिवसातले काही तास. उरलेलं सगळं घराकडे.

घराची ही ताकद जमैकात मोजली गेली. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ मुलं संशोधक सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जायची, अशी दोन वर्षं. घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन ती आईला मुलाशी खेळून, बोलून दाखवायची. भर मुलावर नव्हता, आईवर होता. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा ज्यांच्या घरी ही भेट झाली नव्हती त्यांच्यापेक्षा यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त निघाली. काही मुलांना नुसता पूरक आहार मिळाला होता. त्याचा फायदा मात्र पुढे टिकलेला दिसला नाही. आहार हवाच, पण आठवड्यातून एका तासानं केवढं करून ठेवलं, हे वाचून मी थक्क होतो.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. आयांच्या डोळ्यांसमोर.

२०२२ मध्ये महाराष्ट्रभर 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान निघालं, त्यातही हाच धागा आहे. पहिलीत जाणारं मूल मेळाव्यात रेषेवरून चालतं, वस्तू गटांत लावतं, चित्र बघून बोलतं. आई शेजारी उभी राहून बघते. मग सुट्टीभर गल्लीतल्या आयांचा गट जमतो, कृती ठरवतो, आणि घराघरांत खेळ होतो. आईला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. डाळ निवडताना खडे वेगळे काढणारी, कपड्यांच्या घड्या जोडीनं लावणारी बाई वर्गीकरण शिकवू शकतेच.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरात यापुढचा प्रश्न वेळेचा आहे. इथली मिरची नावाजलेली, भौगोलिक मानांकन मिळालेली. हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या-खुडायच्या जागी, देठ खुडायला बाया दिवसभर बसतात. मजुरी बुडवून सकाळी अकराच्या पालकसभेला कोण येणार? आली नाही म्हणून तिला मुलाची पर्वा नाही, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून गावातल्या अंगणवाडीताईंना, शिक्षकांना, सरपंचांना विनंती आहे: हंगामात मातागटाची बैठक सांजेला, वस्तीतच घ्या, आणि बापांनाही बोलवा. चिंचोके घरोघरी आहेतच.