सामाजी हसाजी आणि छोटी हिब्रू नावं

सामाजी हसाजी दिवेकर. नाव वाचल्यावर पेशवाईतला एखादा शिलेदार डोळ्यांसमोर येतो ना? माणूस फौजेतलाच, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या. आणि धर्मानं यहुदी. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग त्यानं बांधलं. सामाजी म्हणजे शमुएल, हसाजी म्हणजे यहेज्केल. कवी निसीम इझिकेल यांच्या आडनावातला इझिकेल आणि हा हसाजी, मुळात एकच नाव!

सामाजीच्या समाजाचे, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांच्या लांबलचक नावांचा निकालही कोकणानंच लावला: नाव छाटायचं आणि शेवटी ‘जी’ जोडायचा. अब्राहामचा आबाजी झाला, मोशेचा मुसाजी. सिनेगॉगमध्ये मात्र मूळ हिब्रू नाव, पुढे ‘बेन’ आणि बापाचं नाव. हे नाव मुलाला आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी मिळतं. आपल्या बारशाच्या चार दिवस आधीच.

मुळातच छोटी असलेली हिब्रू नावं तर त्याहून नवलाची. योएल घ्या. यातला ‘एल’ म्हणजे देव आणि ‘यो’ हे त्या देवाच्या खास नावाचं आखूड रूप. आता तुकडे उलटे लावा: एलिया. अर्थ जवळजवळ तोच, माणूस दुसरा! हाच एलियाहू संदेष्टा. बेने इस्रायली घरांत मलिदा करून त्याचं स्मरण करतात आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. दोन अक्षरी तुकड्यांत एवढा ऐवज मावतो, हे मला आजही खरं वाटत नाही.

पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळसारख्या गावात असं नाव ठेवायचं, तर ते मराठी कानावर घासून बघावं लागेल. ‘गाद’ म्हणजे भाग्य. सुंदर अर्थ, पण आपल्याकडे गाद तेलाच्या बुधल्याच्या तळाशी बसते. ‘दान’चा हिब्रू अर्थ न्याय करणारा, शाळेत मात्र पोराला दानपेटी म्हणतील. ‘ताल’ म्हणजे दव. हे चालून जाईल, घरात तबला असेल तर जास्तच.

आणि मग येतो नातान. हिब्रूत रोजच्या लिखाणात स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, त्यामुळे कागदावर उरतात तीनच व्यंजनं: न, त, न. उजवीकडून वाचा की डावीकडून, तेच. अर्थ ‘त्यानं दिलं’. शिरोळच्या भोजनपात्र मंदिरात, नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर ज्या देवाचा गजर होतो, त्याच्या नावाचा अर्थ काय? दत्त, म्हणजे दिलेला. दोन भाषांचं एकमेकींशी नातं नाही, पण मूल हाती आल्यावर आईबापांना सुचलं ते हेच.

तेव्हा शिरोळ तालुक्यात कुणाला छोटं हिब्रू नाव हवंच असेल, तर माझं मत नातानला. लाडानं ‘नातू’ म्हणता येईल. आजी-आजोबा नाहीतरी तेच म्हणणार आहेत.