नागिणीची लस : जाहिरात आणि निर्णय

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की रोगी दगावतो, ही समजूत आपण ऐकली असेल. ती निराधार आहे. पुरळ ओसरल्यावरही काहींना महिनोन्‌महिने छळणारी वेदना मात्र खरी. कांजिण्यांचा शरीरात सुप्त राहिलेला विषाणू उतारवयात पुन्हा जागा होतो, तीच नागीण.

तिच्यावरील ‘शिंग्रिक्स’ लस ब्रिटनच्या ‘जीएसके’ कंपनीने २०२३ मध्ये भारतात आणली. पन्नाशीनंतर तिच्या दोन मात्रा घ्यायच्या असतात. चाचण्यांत ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण आढळले. सरकारी लसीकरणात ती नसल्याने मोठा खर्च स्वतःच सोसावा लागतो. जाहिरात भय दाखवते. आपला मधुमेह, आपली औषधे, आपली ऐपत तिला ठाऊक नसते. ती जाणणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

पुरळ उठलेच, तर गेरूच्या लेपात वेळ दवडू नये. विषाणुरोधक औषध ७२ तासांत सुरू होणे हितावह.