क्षार वाढवला की बॅटरी पळते?

सोयगाव तालुक्यात कपाशीवर फवारणीसाठी पाठीवरचा बॅटरीपंप आता कुणाला नवा नाही. जिल्ह्यातच, बिडकीनला, दुचाकी आणि बॅटरी पॅकचा कारखाना उभारण्याची घोषणा एथर एनर्जीने २०२४ मध्ये केली. बॅटरी ओळखीची झाली, पण तिच्या पोटातल्या द्रावणाबद्दलचे, म्हणजे इलेक्ट्रोलाइटबद्दलचे, समज जुनेच आहेत.

गैरसमज १ : इन्व्हर्टरसारखं लिथियम बॅटरीतही पाणी असतं.
वस्तुस्थिती : नसतं. पाणी साधारण सव्वा व्होल्टच्या पुढे फुटू लागतं आणि लिथियम सेल तीन व्होल्टच्या वर चालतो. म्हणून त्यात इथिलीन कार्बोनेटसारखे सेंद्रिय द्रावक असतात आणि त्यांत लिथियमचा क्षार विरघळवलेला असतो.

गैरसमज २ : क्षार जितका जास्त, तितकी वीज सुसाट.
वस्तुस्थिती : खताच्या मात्रेसारखंच आहे हे. लिटरला सुमारे १ मोलपर्यंत वाहकता वाढते. पुढे द्रावण पाकासारखं घट्ट होतं, विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना चिकटतात आणि वाहकता उतरते.

गैरसमज ३ : लिथियमचा आयन इवलासा, म्हणजे चपळही तोच.
वस्तुस्थिती : द्रावकाचे चारेक रेणू त्याला घेरून असतात. नवरदेव लहानखुरा, पण वऱ्हाड घेऊन निघालेला! त्यामुळे नेहमीच्या द्रावणात प्रवाहातला त्याचा वाटा २० ते ४० टक्केच असतो, बाकीचा ऋण आयनांचा. जलद चार्जिंगमध्ये मग एका टोकाला क्षार साचतो, दुसरीकडे तुटवडा पडतो आणि वेग अडतो.

गैरसमज ४ : मग घट्ट द्रावण निरुपयोगी.
वस्तुस्थिती : क्षार खूप वाढवला की मोकळा द्रावकच उरत नाही. वऱ्हाड आटतं, आणि लिथियम एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे उड्या घेत सरकू शकतं. द्रावक फुटण्याचं प्रमाणही घटतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १ किलो पाण्यात सुमारे ६ किलो क्षार विरघळवून पाण्याची सहनशक्ती ३ व्होल्टपर्यंत नेली.

गैरसमज ५ : वाहकता मोजली की अभ्यास संपला.
वस्तुस्थिती : विरळ द्रावणात आयन एकेकटे चालतात असं धरता येतं. घट्ट द्रावणात ते एकमेकांना ओढतात, अडवतात. म्हणून जॉन न्यूमन यांच्या सिद्धांतानुसार वाहकतेबरोबरच विसरणाचा वेग, प्रवाहातला लिथियमचा वाटा आणि थर्मोडायनॅमिक गुणक हेही मोजावे लागतात. काही पॉलिमर इलेक्ट्रोलाइटमध्ये हा वाटा चक्क शून्याखाली आला. लिथियम ऋण आयनांच्या घोळक्यात सापडून उलट दिशेने ओढलं जातं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आणि एक कामाची गोष्ट : पंप बंद पडला तरी लिथियमचा पॅक उघडू नका, त्यात पाणी तर मुळीच घालू नका. त्यातल्या नेहमीच्या क्षाराची ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, आणि ते कातडीतून थेट हाडापर्यंत पोचतं.