अंगठ्याला सुट्टी

बाळाला काखेतून उचललं की भाचीच्या मनगटातून, अंगठ्याच्या बाजूने, कळ जायची. डॉक्टरांनी तिला अंगठा मुठीत धरायला लावला आणि मूठ अलगद करंगळीकडे वाकवली. ती किंचाळलीच. ही चाचणी फिंकेलस्टाइनच्या नावावर खपते, पण मुळात ती आयकहॉफची.

आजाराचं नाव डी क्वेरव्हेन. त्याच नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये असे पाच रुग्ण नोंदवले होते. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या हाडालगतच्या एका चिंचोळ्या बोगद्यातून जातात. बोगद्याचं छत जाड झालं की त्या घासू लागतात. तान्ह्या बाळांच्या आयांना हे दुखणं फार.

इलाज म्हणून आधी अंगठा आणि मनगट स्थिर ठेवणारा पट्टा. तो बनवणं मात्र बघण्यासारखं होतं. थेरपिस्टबाईंनी प्लास्टिकचा कडक पत्रा कात्रीने कापला आणि गरम पाण्यात सोडला. जरा वेळाने तो लुळा पडला. टॉवेलवर टिपून आधी त्यांनी तो स्वतःच्या हाताला लावून पाहिला, मग भाचीच्या मनगटावर पसरला. "पेला धरल्यासारखा अंगठा ठेवा, हलवू नका." तोवर त्यांची बोटं फिरत होती: अंगठ्याच्या मुळाशी दाबत, हाडाच्या उंचवट्यावर मात्र मुद्दाम जागा सोडत. तिथे कातडीखालून एक संवेदनेची नस जाते, ती दाबली तर अंगठ्याच्या मागे मुंग्या येतात. अंगठ्याचं टोक मोकळं ठेवलं, कडा बाहेर वळवल्या, वेल्क्रो चिकटवला.

पट्ट्याने भागलं नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. बहुतेकांना त्याने उतार पडतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, आणि सुईच्या जागी कातडी फिकट पडू शकते. तरीही भागलं नाही, तर तेवढाच भाग बधिर करून छत उघडतात. काहींच्या बोगद्यात मधे पडदा असतो. तो नजरेतून सुटला तर एक कंडरा अडकलेलीच राहते.

पण खरी अडचण घरात. बाईंनी गुंडाळलेला टॉवेल बाळ म्हणून दिला आणि अंगठे न फाकवता, तळवे वर करून खालून उचलायला शिकवलं. जावईबापूंनाही दोनदा करायला लावलं.

"पट्टा आंघोळीला काढायचा," त्या म्हणाल्या, "भांडी घासायला नाही."

"मग भांडी?" भाचीने विचारलं. बाईंनी जावईबापूंकडे पाहिलं.