विश्लेषण : वादळानंतर ‘पब्लिक अॅडजस्टर’ कधी नेमावा?

अमेरिकेतील फ्लोरिडात २०२२ मध्ये ‘इयान’, तर २०२४ मध्ये ‘मिल्टन’ चक्रीवादळ धडकले. अशा वादळानंतर विम्याच्या दाव्यासाठी अनेक घरमालक ‘पब्लिक अॅडजस्टर’ नेमतात. आपल्याकडे सर्व्हेअर विमा कंपनी नेमते. हा परवानाधारक मात्र घरमालकाच्या बाजूने नुकसान मोजतो आणि कंपनीशी बोलणी करतो. त्याचे शुल्क भरपाईतूनच जाते. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केलेल्या वादळासाठी पहिल्या वर्षी ते कमाल १० टक्के, एरवी २० टक्के.

खरी गोम आहे ती वेळेची. समजा, कंपनी ४०,००० डॉलर देणारच होती. सुरुवातीलाच १० टक्क्यांचा करार केला आणि ४३,००० मिळाले, तर ४,३०० वजा जाऊन हाती ३८,७०० उरतात. म्हणजे तोटाच! कंपनीचे पैसे आल्यावर, ते कमी वाटले म्हणून करार केला, तर आधी मिळालेल्या रकमेवर शुल्क आकारण्यास तेथील कायद्याची मनाई आहे. मग शुल्क फक्त वाढीव ३,००० वर, म्हणजे ३०० डॉलर. कंपनीने दावाच फेटाळला असेल किंवा नुकसान मोठे, गुंतागुंतीचे असेल, तर गोष्ट वेगळी.

पुराचे पाणी साध्या घरविम्यात धरले जात नाही. तिथे अॅडजस्टरही काही करू शकत नाही. परवाना राज्याच्या वित्तीय सेवा विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सही केल्यावर किमान १० दिवसांत करार रद्दही करता येतो. मात्र मूळ दावा नुकसानीपासून एका वर्षात आणि पुरवणी दावा १८ महिन्यांत नोंदवावाच लागतो.