कंदफुले: वसंताआधी पावसाळा पाहा

झाशीतल्या ओरछा गेटसारख्या दाट, जुन्या वस्तीत बाग म्हणजे बहुधा गच्चीवरच्या कुंड्या, फार तर भिंतीकडेचा एखादा वाफा. अशा बागेला कंदफुले सोयीची वाटतात. जागा थोडी लागते, आणि एकदा कंद लावला की दर वसंतात फूल येते, असे सांगितले जाते. यातले जागेचे म्हणणे खरे आहे, दर वसंताचे मात्र कंदागणिक बदलते. ट्युलिपचे कंद हौसेने आणले जातात, फ्रिजमध्ये ठेवून हिवाळ्यात लावले जातात, फेब्रुवारीत फुलतात. पुढच्या वर्षी त्याच कुंडीत काहीच उगवत नाही. मग बोल लागतो खताला नाहीतर विक्रेत्याला. खरे तर कंद वर्षानुवर्षे टिकणार की नाही, हे तो वसंतात फुलतो की नाही यावर ठरत नसून फुले सरल्यानंतरचे महिने त्याला कसे लाभतात यावर ठरते.

ट्युलिप हॉलंडचा, हा पहिला गैरसमज. कॅरोलस क्लूसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने हॉलंडमधल्या लायडनच्या बागेत तो लावला 1593 मध्ये. त्याचे मूळ घर मध्य आशियातल्या तिएन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर आहे. तिथे हिवाळा कडाक्याचा आणि उन्हाळा कोरडा. त्या मुलखाची सवय असलेल्या कंदाला फुलदांडा नीट वर काढायला साधारण बारा ते सोळा आठवड्यांची थंडी लागते, तीही दहा अंशांच्या आतली. झाशीत जानेवारीच्या रात्री गार असतात, पण दिवस उबदार. ती भरपाई फ्रिज करतो. (फ्रिजमध्ये शेजारी सफरचंदे किंवा केळी मात्र नकोत. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो.) फ्रिज थंडी देतो, वसंताची लांबी देऊ शकत नाही. फुलानंतर पानांना निवांत, गार हवेचे कित्येक आठवडे मिळाले तरच नवे कंद पोसले जातात. झाशीत मार्चअखेर ऊन तापू लागते, पाने करपतात आणि मागे उरतात सुपारीएवढ्या गाठी. त्यांच्यावर मग ऐन उष्ण महिन्यांत पावसाळा कोसळतो.

यावर हमखास विचारले जाते, की मग दिल्लीत रस्त्याकडेला ट्युलिप फुलतात ते कसे? तिथे नगरपालिका परदेशातून थंडी दिलेले कंद आणून लावते. तो एका मोसमाचा देखावा आहे. श्रीनगरची ट्युलिप बाग 2007 मध्ये खुली झाली, ती झबरवानच्या पायथ्याशी सुमारे सोळाशे मीटर उंचीवर आहे. तिथला हिवाळा खरा आहे. ट्युलिप एका मोसमापुरता लावायला काहीच हरकत नाही, झेंडूही आपण तसाच लावतो. फक्त त्याला बहुवर्षायू म्हणून पैसे मोजू नयेत.

आता उलट उदाहरण पाहा. नर्सरीत ‘ॲमरिलिस’ किंवा नुसतेच ‘लिली’ म्हणून मिळणारा मोठा कंद बहुधा हिपीॲस्ट्रमचा असतो. तो दक्षिण अमेरिकेतला, ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या भागांतला, म्हणजे अंतराने ट्युलिपपेक्षा कितीतरी दूरचा. तरी मार्च-एप्रिलमध्ये तो आपल्याकडे दरवर्षी फुलतो, कारण त्याच्या बऱ्याच मूळ प्रदेशांत पाऊस उबदार ऋतूत पडतो आणि हिवाळा तुलनेने कोरडा जातो. बुंदेलखंडाचेही गणित तेच: बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये. नकाशावरच्या अंतरापेक्षा पावसाचा ऋतू जुळणे मोठे. अंगणातली जुनी लिली कोणी लक्ष न देता फुलते, हा आक्षेपही इथेच सुटतो. लक्ष देण्याचे काम ऋतूच करत असतो.

तरीही ती कधीकधी फुलत नाही, आणि तेव्हा लोक खत वाढवतात. बहुतेकदा कारण सावलीत असते, किंवा फूल सुकताच कापून टाकलेल्या पानांत. हिपीॲस्ट्रममध्ये साधारण चार पाने तयार झाली की कंदाच्या आत एक फुलदांडा आकार घेऊ लागतो. म्हणजे पावसाळ्यातली ती ऐसपैस पसरलेली, जागा अडवणारी पाने हेच पुढचे फूल आहे. नुसता युरिया टाकला तर पानेच माजतात. कंद पुरा गाडणे हीसुद्धा सर्रास होणारी चूक. त्याचा वरचा भाग मातीबाहेर हवा. बुंदेलखंडातली ‘मार’ आणि ‘काबर’ ही काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा तिच्यात भरड वाळू मिसळावी. तांबडी, खडेरी ‘राकर’ या कामाला बरी. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ थांबवावे, फेब्रुवारीत पुन्हा सुरू करावे.

नर्गिस आणि फ्रीझिया मधल्या जागी येतात. दोघांनाही हिवाळी पावसाच्या मुलखाची सवय. झाशीच्या थंडीत ते चांगले वाढतात आणि नर्गिसच्या गुच्छफुलांच्या जातींना फ्रिजही नको, उलट उन्हाळ्यातली ऊबच त्यांची कळी घडवते. त्यांना मारतो तो पावसाळा. म्हणून पाने आपोआप पिवळी पडल्यावर कंद काढायचे आणि चाळीतल्या कांद्यासारखे कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवायचे, फक्त स्वयंपाकघरापासून लांब, कारण नर्गिसचा कंद विषारी आहे. हिपीॲस्ट्रमचाही.

यंदा कंद घ्यायला गेलात, तर फुलाचा रंग विचारण्याआधी त्याच्या मूळ मुलखात पाऊस कोणत्या ऋतूत पडतो, एवढे शोधून मग पैसे द्या.